रजिस्टर्ड व्हॅल्युअर (बिझनेस व्हॅल्युएशन): कोल्हापुरात बसून केलं, अनुभव लिहितोय. सीए/सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) मंडळींनी वाचा आणि भर घाला

उद्यमनगरी

नमस्कार मंडळी. मी सीए, प्रॅक्टिस कोल्हापुरातच, ऑफिस लक्ष्मीपुरीत. गेल्या महिन्यात आयबीबीआयचं (केंद्राचं दिवाळखोरी मंडळ, व्हॅल्युअरची नोंदणी तेच करतं) रजिस्ट्रेशन हातात पडलं, सिक्युरिटीज ऑर फायनान्शियल अ‍ॅसेट्स या क्लासचं, म्हणजे शेअर्स, अख्खा धंदा, ब्रँड असल्या गोष्टींची किंमत काढून कायद्याला चालेल असा रिपोर्ट आता मी सही करू शकतो. तेव्हापासून आर्टिकलशिप संपवलेली पोरं, बरोबरीचे मित्र, सगळे एकच विचारतायत की काय करावं लागतं, किती वेळ जातो आणि आपल्याकडं याची कामं मिळतात का. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा इथं एकदाच लिहितो.

आधी मी याच्या मागं का लागलो ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पाच-सहा वर्षं झाली. शिरोली एमआयडीसीत दोघा भावांची फौंड्री (ओतकामाचा कारखाना), पार्टनरशिप, रिटर्न्स माझ्याकडं. भावांचं बिनसलं, धाकट्यानं बाहेर पडायचं ठरवलं आणि दोघांनीही माझ्यावर सोडलं, साहेब तुम्ही म्हणाल तो आकडा. मी ताळेबंद घेतला, कॅपिटल अकाउंट बघितलं, जागेला रेडी रेकनरचा दर लावला, मशिनरी डब्ल्यूडीव्हीनं (घसारा वजा जाता उरलेल्या पुस्तकी किमतीनं) धरली आणि चार दिवसांत आकडा दिला. धाकट्यानं पैसे घेतले, विषय मिटला. दोन वर्षांनी तो एका लग्नात भेटला, पंगतीत शेजारीच बसला, आणि अगदी शांतपणे विचारलं, "साहेब, तवा त्यो आकडा आला कुठनं?" भांडायला नाही, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला ताळेबंदापलीकडं काही सांगता येईना. त्या फौंड्रीला ज्या तीन गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी वर्षानुवर्षं येत होत्या ती गिऱ्हाइकं ह्यानंच पुण्याला खेपा घालून जोडलेली, आणि त्याची किंमत मी शून्य धरली होती, कारण ताळेबंदात ती कुठं लिहिलेली नव्हती. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी कुणाचं मुद्दाम नुकसान केलं नव्हतं पण जे काम मला येत नव्हतं त्यावर मी आकडा दिला होता.

तर प्रोसेस. कंपनी कायद्याचं कलम २४७ आणि त्याखालचे २०१७ चे व्हॅल्युएशन रूल्स, दोन्ही १८ ऑक्टोबर २०१७ पासून लागू. आपल्या क्लाससाठी सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी), सीएमए किंवा फायनान्समधलं एमबीए, आणि त्यानंतर किमान ३ वर्षांचा अनुभव. आधी एखाद्या आरव्हीओचं, म्हणजे रजिस्टर्ड व्हॅल्युअर्स ऑर्गनायझेशनचं सभासद व्हायचं (तिन्ही इन्स्टिट्यूटचे आपापले आरव्हीओ आहेत), त्यांचा ५० तासांचा कोर्स करायचा, मग आयबीबीआयची परीक्षा, मग आरव्हीओच्या शिफारशीनं फॉर्म ए भरायचा, त्याची फी ५००० रुपये. एक गोष्ट लक्षात ठेवा, परीक्षा पास झाल्यापासून ३ वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे, नाहीतर परीक्षा परत. माझ्या ओळखीत एकानं पास होऊन ठेवलंय आणि "बघू नंतर" चाललंय, त्याला मी दर महिन्याला आठवण करतो.

कोर्स ऑनलाइन केला. शनिवार-रविवार आठ-आठ तास स्क्रीनसमोर. खरं सांगतो, तिथं कॅमेरा बंद करून दुसरीकडं जीएसटीचे रिटर्न भरता येतात आणि मोह होतोच, पण मी ते केलं नाही आणि त्याचा उपयोग परीक्षेपेक्षा आता जास्त होतोय.

बाकी विचारा, सांगतो.

रंकाळा_संध्या

खूप गरज होती या धाग्याची. मी २०२३ ला सीए झाले, राजारामपुरीत एका फर्ममध्ये आहे. परीक्षेचं जरा खोलात सांगा ना दादा, किती अवघड आहे? आमच्या फर्ममधे कुणीच केलेलं नाही, विचारायलाही कुणी नाही.

उद्यमनगरी

ताई, कॉम्प्युटरवर असते, २ तास, सगळे पर्यायी प्रश्न, पास व्हायला ६० टक्के, आणि चूक उत्तराला त्या प्रश्नाचे पाव मार्क कापतात. सबमिट केलं की मार्क तिथंच कळतात. मी सेंटर पुण्याचं घेतलं होतं, पहाटेच्या गाडीनं गेलो. पहिल्या वेळी ५४ आले. आपण सीए फायनलला एवढं केलंय म्हणून फायनान्सचं वाचलंच नव्हतं, आणि तिथंच वेळ गेला, बीटा (शेअरची जोखीम मोजणारा आकडा) अनलिव्हर करून परत लिव्हर करायचा (कर्जाचा परिणाम काढून परत घालायचा), बाँडची किंमत, ऑप्शनची किंमत, हे हाताला सवय नसेल तर एकेका गणिताला पाच मिनिटं जातात आणि मग केस स्टडीला घाई होते. दुसऱ्या वेळी तीन महिने रोज सकाळी साडेपाच ते सात फक्त गणितं केली, दुसरं काही नाही. ७१ आले.

सूतगिरणी_ताई

मी इचलकरंजीची, सीएमए. मी आमच्या आयसीएमएआयच्या (सीएमएंची इन्स्टिट्यूट) आरव्हीओतून केलं, मागच्या वर्षी झालं. माझं थोडं वेगळं झालं म्हणून लिहिते. पहिल्या वेळी मी एकही प्रश्न सोडला नाही, शाळेपासनं सवय ना की कोरं काही ठेवायचं नाही, आणि निगेटिव्हनं घालवलं, ५७ ला अडकले. दुसऱ्या वेळी ठरवून गेले की दोन पर्यायांत अडकले तरच अंदाज मारायचा, चारात अडकले तर सोडायचं. आणि कायद्याचा भाग सोडू नका कुणी, कंपनी कायदा, आयबीसी (दिवाळखोरीचा कायदा), सरफेसी (बँकांच्या कर्जवसुलीचा कायदा), आचारसंहिता, अर्थशास्त्र, ह्यात वाचलं की मार्क पक्के, गणितासारखा वेळ खात नाहीत. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती, रात्री ती झोपल्यावर साडेनऊ ते बारा बसायचे, शेजारी लूमचा आवाज चालूच असतो आमच्याकडं, त्याचीच लय लागून अभ्यास व्हायचा.

पेठकर

वाचलं सगळं. मी या धंद्यात ३० वर्षं आहे, शिवाजी पेठेत आमचं जुनं ऑफिस. प्रामाणिक शंका आहे, राग मानू नका. आपल्याकडं सीएचा शिक्का आणि सही असली की बँक, पार्टनर, इन्कम टॅक्स सगळे मानतात. हे आणखी एक सर्टिफिकेट, आणखी एक फी, दरवर्षीचे तास पूर्ण करा. गरज कुठं लागते नेमकी?

उद्यमनगरी

काका, राग कसला, हा प्रश्न मी स्वतःला वर्षभर विचारत होतो. कुठं लागतं आणि कुठं नाही दोन्ही सांगतो कारण याबद्दल गैरसमज फार आहेत.

लागतं तिथं: प्रायव्हेट लिमिटेडनं बाहेरच्याला प्रेफरेन्शियल अ‍ॅलॉटमेंटनं शेअर द्यायचे, कलम ६२ (१) (सी), तिथं रजिस्टर्ड व्हॅल्युअरचाच रिपोर्ट. डायरेक्टरनं रोख सोडून दुसरी मालमत्ता कंपनीला दिली-घेतली, कलम १९२. मर्जर, डीमर्जर. स्वेट इक्विटी, म्हणजे कर्मचारी-डायरेक्टरना कामाच्या बदल्यात दिलेले शेअर. मायनॉरिटीचे, म्हणजे थोडा हिस्सा असलेल्या भागधारकांचे, शेअर घेणं, कलम २३६. आणि कंपनी आयबीसीत गेली की रिझोल्युशन प्रोफेशनलला (त्या काळात कंपनी सांभाळणाऱ्या माणसाला) दोन रजिस्टर्ड व्हॅल्युअर नेमावेच लागतात, फेअर व्हॅल्यू आणि लिक्विडेशन व्हॅल्यू दोन्ही काढायला. इथं साध्या सीएची सही चालत नाही, ३१ जानेवारी २०१९ पर्यंत जुन्या लोकांना सवलत होती ती संपली.

लागत नाही तिथं: भावाभावांच्या पार्टनरशिपची वाटणी, तिथं कायद्याची सक्ती नाही. फेमाखाली (परकीय चलनाचा कायदा) परदेशी माणसाला शेअर द्यायचे तर सीए, मर्चंट बँकर किंवा प्रॅक्टिसमधला कॉस्ट अकाउंटंट कुणीही चालतो. एंजल टॅक्स (कंपनीनं वाजवीपेक्षा जास्त भावानं शेअर दिले की वरच्या रकमेवर लागणारा) होता तेव्हा डीसीएफचा (पुढं येणारी कॅश आजच्या किमतीत मोजायची पद्धत) रिपोर्ट मर्चंट बँकरचाच लागायचा, सीएला २०१८ मध्येच त्यातनं काढलं होतं, रजिस्टर्ड व्हॅल्युअर झालो तरी ते काम आपल्याला नव्हतंच. आणि आता तर २०२४ च्या बजेटनंतर तो टॅक्सच राहिला नाही.

म्हणजे नुसत्या सक्तीच्या कामांचा हिशोब केला तर कोल्हापुरात वर्षाला हातावर मोजण्याइतकीच कामं येतील माझ्याकडं, हे मी मान्य करतो. पण काका, पंगतीत त्या धाकट्या भावानं जे विचारलं ते सक्तीचं काम नव्हतं. आकडा कुठनं आला याचं उत्तर द्यायला शिकायचं होतं मला, सर्टिफिकेट त्याच्या वाटेवर मिळालं.

मशीनडॉक्टर

मी मेकॅनिकल इंजिनिअर, प्लँट अँड मशिनरीचा रजिस्टर्ड व्हॅल्युअर. एक गोष्ट सगळ्या सीए मंडळींना हात जोडून सांगतो, तुमचा क्लास शेअर्स आणि धंद्याचा, आमचा मशिनरीचा, आणि जागा-इमारतीचा तिसरा, तो सिव्हिलवाल्यांचा. बँकेच्या मॉर्गेजसाठी फॅक्टरीची किंमत काढून द्या म्हणून कुणी तुमच्याकडं आलं तर ते तुमचं काम नाही. माझ्याकडं एक रिपोर्ट आला होता तपासायला, कुणी केलेला ते सांगत नाही, इंडक्शन फर्नेस डब्ल्यूडीव्हीनं १४ लाखाला धरलेली. मी जाऊन बघितली तर कॉइल नवीन, पॅनल दोन वर्षांपूर्वी बदललेला, रोज दोन शिफ्ट मेल्टिंग चालू. तशीच नवी घ्यायला आज काय पडेल ते बघा, त्यातनं वय आणि झीज वजा करा, आकडा कुठल्या कुठं जातो. आणि उलटंही असतंय, तीच भट्टी कंपनी बंद पडल्यावर विकायची तर फाउंडेशन उपटून नेता येत नाही, केबल, कूलिंग टॉवर, सोडवायचा खर्च, घेणारा स्क्रॅपचाच भाव बोलतो. एकच मशीन, चालू धंद्यात एक किंमत, बंद धंद्यात दुसरी. व्हॅल्युएशन कशासाठी आहे हे पहिल्या पानावर लिहिलेलं नसेल तर तो रिपोर्ट मी पुढं वाचत नाही.

उद्यमनगरी

+१००. आयसीएआयचे (सीएंची इन्स्टिट्यूट) व्हॅल्युएशन स्टँडर्ड २०१८ ला आले, त्यात १०२ नंबरचं हेच सांगतं की आधी बेस आणि प्रिमाइस (कुठल्या प्रकारची किंमत, आणि धंदा चालू धरून की बंद धरून) ठरवा, आणि २०१ नंबरचं म्हणतं दुसऱ्या तज्ज्ञाचं काम वापरलंत तर ते कसं आणि किती तपासलं ते बघा. मी जागेला आणि मशिनरीला त्या त्या क्लासचा माणूस घेतो, माझ्या रिपोर्टला त्यांचे रिपोर्ट जोडतो.

रंकाळा_संध्या

दादा, एक उदाहरण घेऊन सांगाल का? पुस्तकात सगळं ट्वेन्टी पर्सेंट ग्रोथ आणि टर्मिनल व्हॅल्यू (अंदाजाच्या शेवटच्या वर्षानंतरच्या सगळ्या काळाची किंमत) असं असतं, आपल्या गावातल्या धंद्याला ते कसं लावायचं तेच कळत नाही.

उद्यमनगरी

सांगतो, आकडे बदलून. समजा दोन भावांचीच फौंड्री. पुस्तकात व्याज, टॅक्स, घसाऱ्याआधीचा नफा १ कोटी १० लाख दिसतो. आता बघा, दोघं भाऊ वर्षाला ६-६ लाख पगार घेतात. उद्या दोघंही नसले आणि तेच काम करायला प्रॉडक्शन आणि मार्केटिंगचा मॅनेजर ठेवला तर प्रत्येकी १८ लाखाखाली कोण येणार? म्हणजे २४ लाख नफ्यातनं गेले. शेड आईच्या नावावर, भाडं वर्षाला १ लाख, बाजारभावानं १० लाख. आणखी ९ गेले. राहिले ७७ लाख. पाच पटीनं धरलं तर आधी साडेपाच कोटी वाटत होतं ते ३ कोटी ८५ लाख झालं. १ कोटी ६५ लाखाचा फरक, आणि अजून आपण डीसीएफला हातसुद्धा लावलेला नाही. बरं, हा नियम दोन्ही बाजूंनी चालतो, खर्चात घरच्या गाडीचं डिझेल आणि पोराच्या लग्नाचा हॉल घुसवलेला असतो तो नफ्यात परत मिळवायचा.

आता डीसीएफ. १६ टक्के डिस्काउंट रेट आणि कायमची वाढ ४ टक्के धरली तर शेवटच्या वर्षाच्या कॅश फ्लोच्या साधारण ८.७ पट टर्मिनल व्हॅल्यू येते. वाढ ५ टक्के केली की साडेनऊ पट. फक्त एक टक्का हलवला आणि टर्मिनल व्हॅल्यू १० टक्क्यांनी वर. म्हणून मला कुणी "साहेब ग्रोथ जरा वाढवून बघा की" म्हणालं की मी एक्सेल बंद करतो आणि म्हणतो, चला फॅक्टरीत जाऊ, कुठनं वाढणार आहे ते मला दाखवा.

आणि फॅक्टरीत जायचंच. मला जे सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते सांगतो. रजिस्ट्रेशनच्या आधी एका सीनिअर व्हॅल्युअरबरोबर मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मदतीला गेलो होतो. ते मेल्टिंगकडं गेलेच नाहीत, सरळ पॅटर्नच्या रॅककडं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पॅटर्न म्हणजे ज्याच्यावरून वाळूत साचा पाडतात तो, लाकडाचा किंवा अ‍ॅल्युमिनिअमचा, आणि बहुतेक वेळा तो गिऱ्हाइकाच्या मालकीचा असतो, फौंड्रीत फक्त ठेवलेला. प्रत्येकावर पांढऱ्या रंगानं गिऱ्हाइकाचं नाव आणि पार्ट नंबर. साहेबांनी एकेका पॅटर्नवरनं बोट फिरवलं. खालच्या दोन रॅकवरचे पॅटर्न चकाचक, कडा झिजलेल्या, कालच वाळूतनं निघालेत हे दिसत होतं. वरच्या तीन रॅकवर बोटाला जाड धुळीचा थर. मालक सांगत होते आमच्याकडं ११ गिऱ्हाइकं. धूळ सांगत होती चालू आहेत चार, आणि त्या चारातलं एकच निम्म्याहून जास्त माल उचलतं. सेल्स लेजर काढलं तर तेच निघालं. पॅटर्नची मालकी फौंड्रीची नाही म्हणून ताळेबंदात एक रुपयाही नाही, पण धंद्याची किंमत त्या रॅकवर लिहिलेली होती. माझ्या त्या जुन्या केसमध्ये मी रॅककडं कधी बघितलंच नव्हतं.

पेठकर

हे पटलं. पॅटर्नचं मी इतकी वर्षं फौंड्र्यांची ऑडिट करून कधी या अंगानं बघितलं नव्हतं. दुसरी शंका, आपल्याच ऑडिट क्लायंटचं हे काम घ्यावं का? लोक विश्वासानं आपल्याकडंच येतात.

उद्यमनगरी

काका, मी घेत नाही. कलम २४७ म्हणतं, ज्या मालमत्तेत आपला प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध आहे तिचं मूल्यांकन करायचं नाही, आधीची ३ वर्षं आणि नंतरचीही ३ वर्षं. नुसतं ऑडिट म्हणजे हितसंबंध का यावर वाद घालता येईल, पण आपणच पास केलेल्या आकड्यांवर आपणच शंका कशी काढणार, आणि शंका काढली नाही तर व्हॅल्युएशन कसलं. रूल्समधल्या आचारसंहितेत "कन्व्हिनिअन्स व्हॅल्युएशन" करू नका असं शब्द वापरून लिहिलंय, सोयीचा आकडा द्यायचा नाही. आकड्यावर टक्केवारीनं फी तर मी बोलूच देत नाही कुणाला. माझ्या क्लायंटला मी सूतगिरणी_ताईंकडं पाठवतो.

सूतगिरणी_ताई

आणि मी माझे दादांकडे. :) लूमवाल्यांचं सांगू का, तिथं नफ्यापेक्षा मला जॉबचं सूत कुणाचं आहे हे आधी बघावं लागतं. बऱ्याच शेडमधे सूत व्यापाऱ्याचं, लूमवाला फक्त मजुरीवर विणतो. शेडमधे बिमं (ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ) भरलेली दिसतात म्हणून स्टॉक धरायला गेलं तर तो त्याचा नसतोच. आणि एकच व्यापारी काम देत असेल तर तो थांबला की शेड थांबली, मग त्या धोक्याचा रेट वेगळा धरावा लागतो. असल्या गोष्टी कुठल्या कोर्समधे येत नाहीत, पण कोर्स केल्यावर त्या कुठल्या खान्यात टाकायच्या ते कळतं.

सातासमुद्रापार

मूळची कोल्हापूरची, आता अमेरिकेत सीपीए (तिथला सीए). इथं एआयसीपीएची (सीपीएंची संस्था) एबीव्ही नावाची व्हॅल्युएशनची मान्यता आहे, मी तिची तयारी करतेय. इथं परीक्षा तर आहेच, शिवाय सीपीएला मागच्या ५ वर्षांत १५०० तास प्रत्यक्ष व्हॅल्युएशनचं काम केल्याचं दाखवावं लागतं, आणि ७५ तासांचं शिक्षण. आधी मला ते जाचक वाटलं होतं. पॅटर्नची गोष्ट वाचून वाटलं की बरोबर आहे, ते तास रॅकसमोर उभं राहण्याचेच आहेत. इथं माझ्या वाट्याला बहुतेक घटस्फोट आणि वारसा हक्काची कामं येतात, कोर्टात उलटतपासणी होते, वकील एकेका गृहीतकावर अर्धा तास घेतो.

रंकाळा_संध्या

१५०० तास! आपल्याकडं मेंबरशिपनंतर ३ वर्षं म्हटलंय. मग माझी २०२६ ला होतील. तोवर काय करू?

उद्यमनगरी

तोवर मिळेल त्या व्हॅल्युअरच्या हाताखाली जा, फुकट जायला लागलं तरी जा. रिपोर्ट टाईप करायला बसू नका, साईट व्हिजिटला बरोबर घ्या म्हणा. आणि रोज सकाळी गणितं. साडेपाचलाच उठायला पाहिजे असं नाही.

भट्टीवाला

नमस्कार. मी अकौंटंट न्हाई, गोकुळ शिरगावात आमची फौंड्री हाय, वडलांनी १९८८ ला सुरू केली. ह्यो धागा माझ्या पुतण्यानं पाठवला. आमच्यात बी आता दोन घरं व्हायची वेळ आलीया, भांडण न्हाई, पोरं मोठी झाली म्हणून. आमच्या सीए साहेबांनी ताळेबंदावरनं आकडा काढून दिलाय आणि थोरल्यांना त्यो जास्त वाटतोय, मला कमी. रजिस्टर्ड व्हॅल्युअर सक्तीचा न्हाई म्हणताय, पण करून घेतला तर चालतंय का? आणि दोघांनी मिळून एकच मानूस नेमायचा का आपापला?

उद्यमनगरी

नमस्कार दादा. चालतंय, आणि भांडण नाही तोवर दोघांनी मिळून एकच नेमा, नेमणुकीच्या पत्रावर दोघांच्या सह्या घ्या. त्या पत्रात किंमत कुठल्या तारखेची काढायची आणि फी किती, दोन्ही आधीच लिहा, म्हणजे आकडा वर गेला-खाली गेला तरी फी तीच. रिपोर्टचा मसुदा आला की दोघांनी एकत्र बसून वाचा, एकेकट्यानं व्हॅल्युअरला फोन करू नका. जागेला आणि मशिनरीला वेगळी माणसं लागतील, मशीनडॉक्टर इथंच आहेत. तुमच्या सीए साहेबांनाही सांगून करा, त्यांच्या पाठीमागं नको, त्यांच्याकडनंच ५ वर्षांचे ताळेबंद आणि गिऱ्हाइकवार विक्री लागणार आहे.

भट्टीवाला

बरं. थोरल्यांशी बोललो आत्ताच, त्यांना पटतंय. तुमीच या की. कधी येताय?

उद्यमनगरी

तुमचं ऑडिट, रिटर्न काहीच माझ्याकडं नाही, त्यामुळं मला येता येईल. शनिवारी सकाळी ११ ला येतो. दोघंही थांबा. आणि दादा, पॅटर्नचे रॅक झाडून-पुसून ठेवू नका, आहेत तसेच राहू देत.